रॅम नंतर वाढवता येते

“ती सांगंल तोच घ्यायचा. पोरगी आपली हाय.”

माझ्या मैत्रिणीचे, हेमाचे वडील लॅपटॉपच्या दुकानात हे माझ्याबद्दल हळू आवाजात म्हणाले होते, हेमाच्या मामांना. मी ऐकावं म्हणून नाही. मी काचेच्या कपाटापलीकडे, प्रिंटरच्या खोक्यांमागे उभी होते, आणि त्यांना वाटत होतं मी सेल्समनशी बोलतेय. मामा सुरगाण्याच्या रस्त्यावर जीप चालवतात. ते म्हणाले, “मग झालंच की. जीप असती तर बॉनेट उघडून सांगितलं असतं मी. याचं बॉनेट कुठं आन् सीट कुठं!” दोघं हसले. मग मी खोक्यांमागून बाहेर आले, आणि दोघंही एकदम सरळ उभे राहिले, शाळेत बाई वर्गात आल्यावर राहतात तसे.

मी ते वाक्य ऐकलं होतं. हे आधीच सांगून टाकते. पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत मी जे केलं, ते ऐकून केलं.

ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. आईला नाही, कॉलेजमधल्या कोणाला नाही, स्वतःला सांगायची वेळ आली की दुसरं काहीतरी काम काढायचे. तिच्यातलं थोडंसं गेल्या रविवारी माझ्या तोंडून बाहेर पडलं. पण तेवढ्याने काही कळत नाही. का केलं, ते त्यात नाही. ते इथे लिहितेय.

मराठीत लिहितेय, कारण मी इंग्रजी शाळेत शिकले आणि माझे बहाणे सगळे इंग्रजीत तयार होतात. छान, गुळगुळीत असतात ते. मराठीत मी अडखळते. आज अडखळलेलंच बरं.

मी कमी बोलते. एकलहऱ्याच्या कॉलनीत वाढले, बाबा तिथल्या वीज केंद्रात होते. आईला शेजारच्या काकू नेहमी म्हणायच्या, किती शांत आहे हो तुमची रेवती. लोक शांत म्हणजे चांगली असं धरून चालतात — तुमच्या लक्षात आलंय का हे? गप्प बसणाऱ्या मुलीच्या मनात काय चाललंय हे कोणी बघायला जात नाही. मला ते सोयीचं होतं. मी कोपऱ्यात बसायचे आणि सगळ्यांकडे बघायचे. कोण कोणाकडे बघून हसतं, कोण हसायचं थांबतं, हे सगळं माझ्या लक्षात यायचं. म्हणून मला वाटायचं की मी एडिटर होणार. दुसरं काय असतं एडिटिंग? बघायचं, आणि कुठे थांबायचं ते ठरवायचं.

फिल्मच्या कोर्सला पहिल्या दिवशी हेमलता, म्हणजे हेमा, माझ्या शेजारी येऊन बसली. वर्गात जागा बऱ्याच होत्या. ती सुरगाण्याच्याही पलीकडच्या एका पाड्यावरून आलेली, नाशिकच्या होस्टेलवर राहणारी. बसल्या बसल्या तिने विचारलं, “तुला इंग्रजी येतं ना? तोंडावरून वाटतंय.” मला हसू आलं. त्या वर्गात माझ्याशी आपणहून बोललेली ती पहिली.

सर निम्मं इंग्रजीत शिकवायचे. सॉफ्टवेअर तर सगळंच इंग्रजीत. मी तिला समजावून सांगायचे. ती प्रत्येक गोष्ट तिच्या भाषेत फिरवून घ्यायची. मधला शॉट काढून टाकला की पुढचे सगळे शॉट आपोआप सरकून ती जागा भरून काढतात, तशी एक कमांड असते. ती समजल्यावर हेमा म्हणाली, “म्हणजे मधलं रोप उपटलं की बाकीची चालत येऊन जागा भरतात? असलं भाताचं शेत पाहिजे होतं गं आम्हाला!” ती मोठ्याने हसायची. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगायची, “ही माझी डिक्शनरी. कोणाला भाड्याने पाहिजे असेल तर मला विचारा.”

मला ते आवडायचं. खूपच आवडायचं. तिला माझी गरज होती — मी वर, ती जराशी खाली, आणि आमची मैत्री. तेव्हा मी हे असं म्हटलं नसतं. तेव्हा मी म्हटलं असतं की मी तिला मदत करते.

मग सरांनी आम्हा सगळ्यांना एकच फुटेज दिलं. फुलबाजारातलं, त्यांनीच शूट केलेलं. एक बाई झेंडूचे हार करतेय, गिऱ्हाइकं येतात, भाव करतात, जातात. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने कापून आणायचं. मी घरी बसून किती वेळा कापलं आणि जोडलं! खाली संगीत लावलं, सुई, दोरा, नाणी, हात, डोळे — भराभर कट. बघून मलाच माझं कौतुक वाटलं.

हेमाने कॉलेजच्या लॅबमध्ये बसून केलं होतं. तिच्यात संगीत नव्हतं. एक गिऱ्हाईक हार हातात घेतं, परत ठेवतं, निघून जातं. तिथे माझा कट होता, सगळ्यांचाच होता. हेमाने कापलं नाही. ती बाई नुसती बसून राहते. मग परत ठेवलेला हार उचलते, त्यावर पाणी शिंपडते आणि पहिल्यापेक्षा जरा पुढे, रस्त्याच्या कडेला ठेवते. तेवढंच. माझ्या फुटेजमध्येही तो शॉट होता. मी तो बघितलासुद्धा नव्हता. गिऱ्हाईक गेल्यावर मी पुढे पळवला होता.

सर म्हणाले, “हिने काय कापलंय ते बघू नका. काय कापलं नाही ते बघा.”

मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या आधी. हेमाने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले, म्हणजे ‘बापरे, मी केलं हे?’ असं. तिला खरंच कल्पना नव्हती. आणि मी? मी इतकी वर्षं बघत आले होते. बघणं ही माझी गोष्ट होती. माझ्याकडे दुसरं होतं काय?

त्यानंतरही मी तिला इंग्रजी समजावून सांगत होते. फक्त आता थोडं कमी. एखादा शब्द गाळून.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला सरांनी सांगितलं की लॅबमधली मशीन्स कमी पडतात, तेव्हा शक्य असेल त्यांनी स्वतःचा लॅपटॉप घ्या. आणि वर्षअखेरीला वर्गाची जी फिल्म होणार, तिचा एडिटर आधी दिलेल्या सरावाच्या कामावरून निवडला जाईल. एकच एडिटर. ते ऐकताना मी हेमाकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, सगळा वर्गच तिच्याकडे बघत होता.

भात झोडून झाल्यावर हेमाच्या घरच्यांनी लॅपटॉप घ्यायचं ठरवलं. “तू येशील ना गं? तुला सगळं कळतं त्यातलं.”

कळत होतं. इथे मला काही आडपडदा नको आहे. मला नुसतं कळत नव्हतं, पाठ होतं. माझा स्वतःचा लॅपटॉप घेण्यापूर्वी मी उन्हाळ्याची सबंध सुट्टी त्यात घालवली होती. मोठ्या व्हिडिओवर काम करायला कुठला प्रोसेसर पुरतो, वेगळं ग्राफिक्स कार्ड का लागतं, पडद्यावरचे रंग कितपत खरे दिसायला हवेत. आणि रॅम. एका वेळी मशीनला किती काम हातात धरता येईल, ती जागा म्हणजे रॅम. व्हिडिओला ती भरपूर लागते. काही लॅपटॉपमध्ये ती नंतर वाढवता येते, मागचं झाकण उघडून नवी पट्टी बसवायची. काहींमध्ये, विशेषतः पातळ आणि देखण्या लॅपटॉपमध्ये, ती आतल्या बोर्डालाच कायमची जोडलेली असते. घेतली तेवढीच. पुढे काही करता येत नाही. कुठल्या मॉडेलमध्ये काय, हे तेव्हा मी डोळे मिटून सांगितलं असतं.

हेमा, तिचे वडील आणि मामा, तिघं मामांच्या जीपने आले. एमजी रोडवरच्या त्या दुकानात एसी होता, हेमाचे वडील दारातच चपला काढायला लागले. सेल्समन म्हणाला, “काका, राहू द्या, राहू द्या.” त्यांनी तरी काढल्याच.

दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले होते. किंमत जवळजवळ सारखी. एक जाड, काळा, विटेसारखा. गेम खेळणाऱ्या मुलांसाठी केलेला. चालू केला की त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा आवाज करायचा. पण आत सगळं होतं, आणि रॅम वाढवायला जागा होती. माझ्या घरी होता तो याच जातीचा. दुसरा चंदेरी, वहीसारखा पातळ. त्यावर पत्र लिहावं, पिक्चर बघावा. एडिटिंग — नाही.

हेमाच्या वडिलांनी जाड लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून बघितला. “लय जड हाय. हिला हे घेऊन होस्टेलचे जिने चढायचे.” मग ते मघाचं बोलणं झालं, खोक्यांपलीकडचं. मग मी बाहेर आले.

हेमा चंदेरी लॅपटॉपच्या झाकणावरून बोट फिरवत होती. तिला तो आवडला होता, पण ती माझ्याकडे बघत होती. “दिसायला भारी आहे गं. पण हा पुरेल का? पुढे मोठं काम आलं तर?”

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. एक शब्द. मी जाड लॅपटॉपकडे बोट केलं असतं तरी चाललं असतं, ती सांगेल तोच घ्यायचा होता.

मी म्हणाले, “पुरेल. रॅम नंतर वाढवता येते.”

सेल्समनने माझ्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं. तो तोंड उघडणार इतक्यात मी त्याला विचारलं, “याच्यावर बॅग फ्री आहे ना?” त्यानंतर तो बॅगेबद्दल बोलत राहिला. कुठले रंग आहेत, पाण्यात भिजली तर काय होतं. हेमाने निळी घेतली.

मी ते ठरवून केलं का? घरून निघताना नाही. पण वाक्य तोंडातून गेल्यावर बॅगेचा प्रश्न ज्या सहजपणे आला, तो कुठून आला? घाबरलेल्या माणसाला इतक्या पटकन सुचतं का?

निघताना हेमाच्या वडिलांनी जीपमधून एक पिशवी काढून माझ्या हातात दिली. नागलीचे पापड, हेमाच्या आईने केलेले. मी नको म्हटलं. मामा म्हणाले, “घ्या हो मॅडम, कमिशन समजा!” सगळे हसले, मीही हसले. संध्याकाळी आईने ते तळले. मी खाल्ले. घशाखाली उतरले नाहीत वगैरे काही झालं नाही. कुरकुरीत होते, मी पुन्हा मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी मात्र मला भीती वाटली. चूक केल्याची नाही हो, पकडलं जाण्याची. दुकानात आठवडाभरात बदलून मिळत होतं. मी हेमाला फोन केला, म्हटलं, तो जाडवाला एकदा परत बघूया का? मला जरा शंका वाटतेय. ती तेव्हा गावी होती. तिने उत्तर म्हणून फोटोच पाठवला. त्यांच्या घरी नवी वस्तू आली की आधी धान्याच्या कणगीपुढे ठेवतात, वापरायची ती नंतर. फोटोत कणगीपुढे पाटावर तो चंदेरी लॅपटॉप, झाकणावर कुंकवाचं मोठं बोट आणि चार तांदळाचे दाणे. खाली तिने लिहिलं होतं, ‘आता नाय बदलायचा. आईने पुजला. आता तो घरचा झाला.’

मला सुटल्यासारखं झालं. हे लिहायला फार जड जातंय, पण तसंच झालं. मी लगेच कामाला लागले. जणू मी माझं कर्तव्य केलं होतं आणि त्यांनीच ऐकलं नव्हतं.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. छोट्या कामांना तो लॅपटॉप पुरला. मग सरावासाठी मोठं फुटेज आलं, दोन कॅमेऱ्यांचं, आणि तो अडकायला लागला. चित्र थांबायचं, आवाज पुढे जायचा. हेमा एक शॉट ओढून पुढे सरकवायची आणि वाट बघत बसायची. ती ज्या प्रकारचं एडिटिंग करायची त्यात नेमका क्षण पकडायचा असतो, श्वास सोडल्यावर कापायचं की आधी, तेवढाच फरक. ज्या मशीनवर चित्रच धड चालत नाही, त्यावर तो क्षण दिसणार कसा?

ती रॅम वाढवायला एका दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने झाकण उघडून दाखवलं. संध्याकाळी ती मला म्हणाली, “अगं, ती वाढतच नाही म्हणे. बोर्डालाच चिकटवलेली आहे.”

मी म्हटलं, “काय सांगतेस! मला खरंच माहीत नव्हतं.”

ती माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “जाऊ दे गं. तुला तरी काय माहीत असणार आतलं. नको वाईट वाटून घेऊस.”

तिने माझं सांत्वन केलं.

अजून एक आहे. हे मला दुकानातल्या खोट्यापेक्षाही मोठं वाटतं. कमजोर मशीनवर काम करायची एक साधी पद्धत असते. मूळ व्हिडिओची हलकी नक्कल करून घ्यायची, तिला प्रॉक्सी म्हणतात. सगळं काम त्या नकलेवर करायचं आणि शेवटी मूळ व्हिडिओ जोडून द्यायचा. कोणालाही फरक कळत नाही. सरांनी हे एकदा इंग्रजीत घाईघाईत सांगितलं होतं. त्या दिवशी हेमाने मला विचारलं होतं, “काय म्हणाले गं?” मी म्हटलं होतं, “काही नाही, फाइली नीट ठेवा म्हणाले.” तेव्हा ते खोटं होतं की आळस होता, मला आता आठवत नाही. पण नंतर, ती रोज त्या अडकणाऱ्या पडद्यासमोर बसलेली असताना, मला आठवत होतं. रोज आठवत होतं. तिच्या त्याच लॅपटॉपवर ते काम झालं असतं. दहा मिनिटांत शिकवलं असतं मी. दुकानातलं एक वाक्य होतं, बोलून गेलं. हे मात्र मी रोज सकाळी नव्याने करत होते — शेजारी बसून, तिच्या डब्यातलं खाऊन.

एडिटरच्या निवडीसाठी तिने दिलेलं काम अर्धवट होतं. शेवटी शेवटी आवाज आणि ओठ जुळत नव्हते. सर चिडले नाहीत, त्यांना वाईट वाटलं. “हेमलता, तुझ्याकडून मी वेगळं धरून चाललो होतो.” तिने लॅपटॉपचं नाव काढलं नाही. तिच्या आईने पुजलेली वस्तू, तिच्याबद्दल वर्गात वाईट कसं बोलणार? ती ‘सॉरी सर’ म्हणाली आणि बसली.

जिन्यात मला म्हणाली, “लॅपटॉपला कशाला नाव ठेवायचं. माझंच डोकं स्लो आहे गं. फुलवालीचं जमलं ते चुकून जमलं.”

मी तिचा हात धरला. नाही गं, असं नको म्हणू, असंसुद्धा मी म्हटलं. पण त्याच लॅपटॉपवर ते कसं जमलं असतं, ते सांगितलं नाही.

फिल्म मी एडिट केली. बरी झाली. एका ठिकाणी, मुलगी बसस्टॉपवरून उठून गेल्यावर, मी कट केला नाही. रिकामा बाक तसाच ठेवला. हेमाने तिथे काय केलं असतं असा विचार केला आणि तसं केलं. दाखवली तेव्हा लोकांनी त्याच जागेबद्दल विचारलं. सर म्हणाले, रेवती, आता तुला थांबायला जमायला लागलं. हेमा मागच्या रांगेत होती. ह्या वेळी सगळ्यांच्या आधी टाळ्या तिने वाजवल्या. फरक इतकाच की तिच्या खऱ्या होत्या.

आज मी नाशिकमध्येच एका स्टुडिओत एडिटर आहे. हेमा कॅमेरा करते. पेठ, दिंडोरी, सुरगाणा, त्या बाजूच्या लग्नांचं शूटिंग तिच्याकडे असतं. दिवसभर उभी राहते, मेमरी कार्डं भरते आणि ती कार्डं नाशिकला पाठवते. कापतो दुसराच कोणीतरी. कोणी विचारलं की सांगते, “एडिटिंग मला नाय जमत.” दुःखाने नाही. चहा मला चालत नाही म्हणावं, तसं सांगते. ते वाक्य मी तिला दिलेलं आहे. तिला माहीत नव्हतं, कोणालाच नव्हतं. आम्ही मैत्रिणी होतो, दिवाळीला पापड येत राहिले.

गेल्या रविवारी ती, तिची धाकटी बहीण योगिता आणि त्यांचे वडील नाशिकला आले. योगिताला त्याच कोर्सला प्रवेश मिळालाय. हेमाचा फोन आला, “तूच ये. आमचं घराणं तुझ्याशिवाय लॅपटॉप घेत नाही.” मी काहीतरी कारण सांगू शकले असते. कारणं माझ्याकडे कमी नसतात. गेले. का गेले ते मला अजून नीट कळलेलं नाही.

दुकान वेगळं होतं, रस्ता तोच. वडिलांचे केस पांढरे झालेत. ह्या वेळी त्यांनी हळू आवाजात नाही, सगळ्यांसमोर सांगितलं, “आमची रेवती आली. आता काय काळजी नाय.” हेमाच्या खांद्याला तीच निळी बॅग होती. आत तोच लॅपटॉप. आता ती त्यावर फक्त कार्डं उतरवून घेते. योगिताला चार्जर दाखवायला तिने तो बाहेर काढला, तेव्हा झाकणावर कुंकवाचा फिकट डाग दिसला. पुसून पुसून गुलाबी झालेला.

योगिता माझ्यासारखी नाही आणि हेमासारखीही नाही. हातात फोन, फोनवर काय काय वाचून आलेली, सेल्समनला प्रश्नांवर प्रश्न. तो म्हणाला, “मॅडम, तुम्हीच दुकान चालवा.” तिच्यासमोर एक पातळ लॅपटॉप होता. ह्या वेळी निळसर, पण जात तीच. तिने विचारलं, “याची रॅम नंतर वाढते का?”

सेल्समन काही बोलायच्या आत हेमा हसून म्हणाली, “त्याला नको विचारू, रेवतीला विचार. माझ्या वेळीही तिनेच सांगितलं होतं, नंतर वाढते म्हणून. तिची काय चूक, माझ्याच डबड्याचं नशीब फुटकं. तिला बिचारीला माहीत नव्हतं.”

तिच्या वडिलांनी मान हलवली. हो, हो. बिचारीला माहीत नव्हतं. योगिता माझ्याकडे बघत होती. सेल्समनही. इथे परत एक जागा होती, गप्प बसायची. ‘नाही वाढत’ एवढंच म्हणायचं, जाड लॅपटॉपकडे बोट करायचं, योगिताचं भलं करायचं आणि आतल्या आत फिटंफाट झाली असं समजायचं. माझ्या डोक्यात ते सगळं तयार होतं. बॅगेचा प्रश्नसुद्धा तयार होता, शपथ.

मी हेमाकडे बघितलं. मग त्या गुलाबी डागाकडे. आवाज फार मोठा नव्हता माझा, दुकानात एसी चालू होता, पण समोरच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

मी म्हणाले, “नाही वाढत, योगिता. तुझ्या ताईच्या लॅपटॉपचीही वाढणार नव्हती. आणि हेमा, ते मला त्या दिवशी माहीत होतं.”